अक्षर वळलं, आता पुढे काय? (बोरू, मजकूर आणि सुचणं)

काना_मात्रा
देवनागरी सुलेखन शिकणाऱ्यांची पहिली दोन-तीन वर्षं भरगच्च जातात. आधी नुसता काना, मग शिरोरेषा, मग व-ब-क, मग त-ल-श, शेवटी जोडाक्षरं. रोज काहीतरी जमत नसतं, त्यामुळे रोज काहीतरी करायला असतं. चौथ्या वर्षी अक्षर वळतं आणि बरोबर तिथेच बोरू (बरूच्या काडीची लेखणी) थांबतो. कागद समोर, शाई घोटलेली, हात तयार, पण लिहायचं काय? मग सगळे त्याच चार गोष्टींकडे वळतात: गणपतीच्या आकारातलं नाव, मोरपिसातला ॐ, रंग उडवून त्यावर एक सुविचार, आणि सणाच्या शुभेच्छा.

माझं मत असं की सुचणं आटत नाही, मजकूर आटतो. मजकूर न घेता आपण कागदाकडे जातो आणि हाताने तो शोधून द्यावा अशी अपेक्षा करतो.

मला दोन गोष्टींवर इथल्या जाणत्यांचं ऐकायचं आहे. एक, सुचावं म्हणून नेमकं काय करावं? ‘मन मोकळं ठेवा’ असं नको. किती वेळ, कोणता कागद, कोणती पद्धत ते सांगा. दुसरं जास्त अवघड आहे. फोनवर पन्नास सुंदर टंक (फॉन्ट) फुकट मिळत असताना हाताने काढलेल्या अक्षराला अर्थ कुठून येतो?

घोटीव
मजकुराआधी हत्यार पाहा. ‘चौथ्या वर्षी सुचत नाही’ म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचा बोरू चुकीचा कापलेला असतो, आणि अक्षर कुठेतरी परकं वाटतं म्हणून मन त्यात रमत नाही. दोष मनाचा समजला जातो, असतो टोकाचा.

तपासायची खूण सोपी आहे. डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे खाली एक तिरकी रेघ ओढा. मग उजव्या वरच्या कोपऱ्यातून डावीकडे खाली दुसरी. नागरीसाठी पहिली केसासारखी बारीक आणि दुसरी पूर्ण जाडीची यायला हवी. उलट येत असेल तर तुम्ही रोमन अक्षरांच्या कोनाने नागरी लिहिताय. अशा ‘व’चा डावा खांदा बारीक पडतो आणि पोटाखाली जाडी साठते. खरं तर खांदा भरदार आणि पोटाची डावी वळणं नाजूक हवीत.

बाजारातल्या सरळ कापाच्या निबने उजव्या हाताला हा कोन साधायला मनगट पिळावं लागतं. म्हणून बोरू तिरका कापायचा. टोक आपल्यापासून लांब धरून वरून पाहिलं की डावी बाजू लांब, उजवी आखूड दिसली पाहिजे. डावखुऱ्यांना मात्र सरळ काप पुरतो, त्यांचा हात मुळातच त्या कोनात पडतो. त्यांना वर्गात ‘उलटं लिहितोस’ म्हणून टोकतात तेव्हा वाईट वाटतं. नागरीसाठी त्यांची बैठक जास्त सोयीची आहे.

कापायची पद्धत: साधारण 20 सेंटिमीटरचा वाळलेला बरू घ्या. एका टोकाला अडीच-तीन सेंटिमीटर लांबीचा उतार काढा. आतला भुसभुशीत गाभा पूर्ण खरवडा, कारण तो राहिला तर शाई शोषतो आणि रेघ मध्येच तुटते. दोन्ही खांदे सारखे तासून हवी ती रुंदी आणा. मधोमध एक सेंटिमीटरची चीर द्या. शेवटचा काप कठीण, गुळगुळीत पृष्ठभागावर एका दाबात. दोनदा दाबलं तर कड दुभंगते आणि बारीक रेघ बारीक येत नाही.

टोक 45 अंशांवर असलं की काना आणि शिरोरेषा एकाच जाडीचे येतात, बोरूच्या रुंदीच्या साधारण 0.7 पट. म्हणजे 4 मिलिमीटरच्या बोरूने दोन्ही 2.8 मिलिमीटर. शिरोरेषा जाड आणि काना बारीक व्हायला लागला तर टोक उभं होत चाललंय. हे मोजपट्टीने मोजा, नजरेवर सोडू नका.

शाईदौत
घोटीव यांच्याशी सहमत. त्यात कागदाची भर घालतो, कारण पावसाळ्यात अर्धी निराशा कागदामुळे येते.

हवेतला ओलावा कागदात शिरला की शाई रेघेबाहेर फुटते आणि कड केसाळ होते. त्यावर जुना उपाय खळीचा. 5 ग्रॅम तांदळाचं पीठ 150 मिली पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, गाळा, गार करा. रुंद मऊ ब्रशने कागदावर एकच पातळ हात द्या आणि सावलीत वाळवा. मग कागद काचेवर ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने किंवा गुळगुळीत गोट्याने घोटा. पोथ्यांचे कागद असेच खळ लावून घोटलेले असत, म्हणून तीनशे वर्षांनंतरही त्यांच्यावरच्या रेघांची कड धारदार दिसते. खळ जाड झाली तर वाळल्यावर अक्षराची खपली निघते, तेव्हा कमीच बरी. आणि उरलेली खळ ठेवू नका, दुसऱ्या दिवशी आंबते.

दौलताबादजवळच्या कागझीपुऱ्यात हातकागदाची परंपरा फार जुनी आहे. असा कागद घेतलात तर आधी कोपऱ्यावर एक ‘क्ष’ काढून पाहा. क्षच्या गाठीत शाई फुटली नाही तर कुठेच फुटणार नाही.

शाई घरी करत असाल तर काजळी आणि बाभळीचा डिंक. डिंक कमी पडला तर वाळल्यावर बोटाला काळं लागतं. जास्त झाला तर अक्षर चकाकतं आणि कागद वळवला की तडकतं. घोटण्यात कसर नको. चांगली घोटलेली शाई पाण्याच्या थेंबावर टेकवली की एकसारखी पसरते, कण दिसत नाहीत.

काना_मात्रा
दोघांचेही आभार, हे सगळं जपून ठेवण्यासारखं आहे. पण बोरू उत्तम, कागद घोटलेला, कोन मोजलेला, असं धरून चाला. तरीही कागद कोरा आहे. तिथून पुढे?

सरळ_रेघ
तिथून पुढे परत घोटणं. सुचण्याची वाट पाहायचीच नाही. रोज 45 मिनिटं, एकच अक्षर, बोरूच्या 5 रुंदीच्या उंचीत. वर वेलांटीला 2 रुंदी, खाली उकाराला 2. महिनाभर फक्त ‘स’. अर्थ आपोआप येतो.

मोडी_वाचक
सरळ_रेघ, ‘आपोआप’ला माझा विरोध आहे. वळलेलं अक्षर घोटत राहिलं तर हात झोपेत लिहायला लागतो. तेव्हा त्याला अडवायला हवं, आणि त्यासाठी दुसरी लिपी हा सगळ्यात चांगला अडसर आहे.

मोडीत आधी ओळभर शिरोरेषा आखून घेतात आणि अक्षरं तिला लोंबत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये जागा नाही, लेखणी शक्यतो उचलायची नाही. बालबोध, म्हणजे आपली नेहमीची नागरी, लिहिणाऱ्याची प्रत्येक सवय इथे मोडते. बालबोधीत ‘र’ आणि ‘क’ स्वतंत्र उभे असतात, मोडीत ते एकमेकांच्या शेपटीतून निघतात. आठवडाभर मोडी लिहून पुन्हा बालबोधीकडे आलात की ‘अक्षरं सुटी का आहेत?’ हा प्रश्न पहिल्यांदा पडतो. सुचणं म्हणजे माझ्या मते असा प्रश्न पडणं.

पद्धत: जुन्या पत्राच्या चांगल्या छायाप्रतीतल्या फक्त तीन ओळी घ्या. दुप्पट मोठ्या करून छापा. पहिले तीन दिवस बोरू नको. ट्रेसिंग कागद ठेवून पेन्सिलीने जा आणि लेखणी कुठे टेकली, कुठे दाबली, कुठे उचलली तिथे बाण करा. चौथ्या दिवशी मूळ आकारात बोरूने. सातव्या दिवशी मूळ न पाहता. आधी लिप्यंतर झालेलं पत्र निवडा, म्हणजे काय लिहितोय ते कळतं. शिवकालीन आणि पेशवेकालीन वळणं वेगळी आहेत, चिटणीशी, बिवलकरी अशी घराण्यांसारखी नावं आहेत. एका वेळी एकच वळण धरा.

पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ 1910 पासून हे कागद सांभाळतंय. पुण्यातल्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. तंजावरच्या सरस्वती महालातही मराठी मोडी कागदांचा मोठा साठा आहे. मजकूर आटला म्हणता? हे सगळे मिळून तो कितीतरी जन्मांना पुरेल.

उकार
मोडीच्या जोडीला शिलालेखही घ्या. नाणेघाट, कार्ले, जुन्नर, नाशिकची पांडवलेणी इथे ब्राह्मी आहे. शिरोरेषा जन्माला यायच्या आधीचं अक्षर कसं तोल सांभाळायचं ते तिथे दिसतं. नाणेघाटात तर जुने अंकही आहेत. आणि अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख, शके 934 म्हणजे इ. स. 1012 चा, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक.

दगडावर कागद ठेवून घासू नका. संरक्षित स्मारकांवर त्याला परवानगी लागते आणि दगडाची झीजही होते. त्यापेक्षा सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा. उजेड दगडाला घासून आडवा आला पाहिजे. सावलीतला लेख असेल तर विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून डावीकडून एक आणि वरून एक असे दोन फोटो घ्या. एकाच उजेडात आडव्या किंवा उभ्या खाचांपैकी एक जात दिसेनाशी होते. दोन्ही फोटो एकावर एक ठेवून अक्षर उतरवा.

अर्धचंद्र
काना_मात्रा, तुमच्या ‘मजकूर आटतो’ला एक उत्तर आपल्या लिपीतच पडलेलं आहे.

दर्या आणि दऱ्या.

अक्षरं तीच, क्रम तोच. पहिल्यात र रफार होऊन ‘य’च्या डोक्यावर बसतो आणि समुद्र होतो. दुसऱ्यात तोच र चंद्रकोरीसारखा ‘य’च्या कुशीला येतो आणि सह्याद्री उभा राहतो. मधे फक्त एक फटकारा. रफार वर जाणारा, लाटेसारखा. अर्धा र खाली झुकणारा, उतारासारखा. अर्थ आकारात आधीच आहे, आपल्याला फक्त तो झाकायचा नाही.

ही चंद्रकोर मराठी लेखनाची खास ओळख आहे. ती नीट काढायला बोरूचा कोन किंचित मोडावा लागतो. 45 वर ठेवून काढली तर मधला भाग फुगतो आणि ती स्वल्पविरामासारखी दिसते. टोक जरा आडवं करून सुरुवात करा, वळणावर 45 ला आणा, शेवटी पुन्हा आडवं. लांबी बोरूच्या अडीच रुंदीपेक्षा जास्त नको, नाहीतर पुढच्या ‘य’च्या गाठीला भिडते. आणि शिरोरेषा तिच्यावरून अखंड जाऊ द्या, कोरीपाशी तोडली तर शब्द दोन तुकड्यांचा वाटतो.

याच घरातले शब्द: वाऱ्यावर, किनाऱ्याशी, ताऱ्यांत, पायऱ्या, दोऱ्या, बऱ्या. आणि जोड्या: आचार्यांना आणि आचाऱ्यांना. एक गुरुजी, एक स्वयंपाकी. लग्नाच्या मांडवात दोघेही लागतात.

शाईदौत
दर्या-दऱ्या! धाग्याचं सार्थक झालं.

उकार
वर घोटीव यांनी लिहिलेल्या ‘डावखुऱ्यांना’मध्येही ती कोर आहे, आणि कोणाचं लक्ष गेलं नाही. इतकी ती अंगवळणी पडलीय.

चरण
अर्धचंद्र यांचा धागा पुढे नेतो. एका फटकाऱ्यात अर्थ आहे तसा तो छंदातही आहे, आणि मांडणी करताना बहुतेक जण छंद मोडतात.

मोठा अभंग घ्या. चार चरण, अक्षरं 6, 6, 6 आणि 4. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. आता कागदावर काय होतं? चारही चरण चार ओळींत मध्यभागी रचले जातात. शेवटचा चार अक्षरांचा चरण खाली एकटा पडतो, दोन्ही बाजूंनी पोकळी. मग ती पोकळी भरायला फुलं, वीणा, चिपळ्या. ही सजावट लागते कारण मांडणी चुकलेली असते.

त्याऐवजी दुसरा आणि तिसरा चरण एकाखाली एक आणा आणि त्यांची शेवटची अक्षरं उजव्या बाजूला एका उभ्या रेषेत लावा. यमक डोळ्याला दिसतं. पहिला चरण डावीकडे थोडा बाहेर काढा, चौथा तिसऱ्याला चिकटून त्याच ओळीत पुढे जाऊ द्या. तो आखूड चरण म्हणजे गाणाऱ्याच्या श्वासाची जागा आहे. त्याच्या पुढे रिकामा कागद हवाच, तो भरायचा नाही.

ओवीचं तसंच. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि सुटा. त्या सुट्या चरणाला शिरोरेषा थोडी लांबवून ओढली तर ओवी संपल्याचं कळतं.

अक्षरं मोजताना संख्येवर विसंबू नका, रुंदी मोजा. ‘र’ आणि ‘ा’ निम्म्या घराचे, साधी अक्षरं एक घर, ‘अ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘ऋ’ दीड घराची. सहा अक्षरांचा चरण साडेचार घरांत बसू शकतो किंवा आठ घरं खाऊ शकतो. आधी चौकटीच्या वहीत घरं भरा, मग बोरू उचला.

आणि हे सगळं ठरवायला पेन्सिल आणि छोटे चौकोन. पोस्टकार्डाच्या पाव भागाएवढे 20 चौकोन, प्रत्येकी दोन मिनिटं, एकूण 40 मिनिटं. पहिल्या सहा-सात चौकोनांत आधी पाहिलेलंच येतं. ते येऊ द्या, अडवलं तर तेच डोक्यात फिरत राहतं. बाराव्याच्या आसपास हात थकतो आणि मजकूर बोलायला लागतो. वीस झाल्याशिवाय निवड करू नका.

पाटीवाला
दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, अर्थ कुठून येतो. माझं उत्तर: अक्षर कोणीतरी रोज वाचावं. चौकटीतलं सुलेखन भिंतीवर लागतं आणि आठवड्यात भिंतीचाच भाग होतं. शाळेचं नाव, वाचनालयाची पाटी, गावाच्या वेशीवरचं नाव, पाणवठ्यावरची सूचना, हे रोज वाचलं जातं. लहान मूल त्यावरून अक्षर शिकतं. एवढा मोठा वाचक कोणत्या प्रदर्शनाला मिळतो?

पण भिंतीचं काम कागदासारखं नाही. वाचणारा किती लांब उभा राहणार ते आधी मोजा. दर 3 मीटरला अक्षराच्या अंगाची उंची अडीच सेंटिमीटर, म्हणजे 12 मीटरवरून वाचायचं असेल तर मात्रा-उकार सोडून निदान 10 सेंटिमीटर. दोन ओळींत अंगाइतकी तरी मोकळी जागा हवी. वरच्या ओळीत ‘कू’ आणि बरोबर त्याच्याखाली ‘कै’ आला की ऊकार आणि ऐकार भांडतात. ओळ पसरण्याऐवजी शब्द अर्धं घर सरकवा, बहुतेक वेळा तेवढ्याने मिटतं.

नवा गिलावा असेल तर 28 दिवस थांबा. त्याआधी तेलरंग दिला तर ओल आणि चुना मिळून तो फुगवतात. बाहेरच्या भिंतीला प्रायमर, मग ॲक्रिलिक इमल्शनचे दोन हात, त्यावर अक्षर. शिरोरेषेसाठी खडू लावलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा आणि मधोमध उचलून एकदाच सोडायचा. दोन वेळा सोडला की दोन रेघा उमटतात आणि चुकीची धरली जाते. ब्रश चपटा, त्याची कड बोरूच्याच कोनात धरा, म्हणजे भिंतीवरही नागरीची जाडी-बारीक तीच राहते.

मजकूर रंगवण्याआधी दुसऱ्याकडून वाचून घ्या. ‘सार्वजनीक’, ‘प्राथमीक’, ‘ग्रामपंचायात’ एकदा रंगवलं की दहा वर्षं राहतं, आणि मुलं तेच शिकतात.

सरळ_रेघ
पाटीवाला, हे समाजाच्या उपयोगाचं आहे, सर्जनाचं नाही. गिऱ्हाईक आलं की ‘मोठं करा, लाल करा, सावली द्या’ सुरू होतं. मागणीच्या कामात स्वतःचं अक्षर टिकत नाही.

मोडी_वाचक
उदाहरणं उलट सांगतात. र. कृ. जोशी जाहिरात क्षेत्रात काम करत होते, कवी होते, पुढे आयआयटी मुंबईत शिकवत होते, आणि संगणकावर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ टंकही त्यांचाच. कमल शेडगे यांचं आयुष्यभराचं काम नाटकांच्या जाहिराती आणि शीर्षकं, म्हणजे अगदी मागणीचंच. तरी नुसत्या नावाच्या अक्षरावरून नाटक ऐतिहासिक, कौटुंबिक की विनोदी ते लोकांना कळायचं. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास केला आणि त्यातून मोकळं वळण काढलं. यांतल्या कोणालाही मागणीने किंवा मर्यादेने संपवलं नाही.

पाटीवाला
आणि गिऱ्हाइकाचं ‘मोठं करा’ बऱ्याचदा बरोबर असतं. त्याला लांबून वाचता येत नसतं, त्याचं कारण मात्र सांगता येत नसतं. अक्षर मोठं करण्याआधी अक्षरांमधली जागा वाढवून दाखवा. निम्म्या वेळा तो तिथेच थांबतो. सावली मागितली तर पार्श्वभूमी आणि अक्षर यांच्या रंगात फरक कमी पडतोय का ते बघा. मागणी म्हणजे अपमान नव्हे, वाचकाची तक्रार आहे. ती समजून घेणं हेच सर्जन.

सरळ_रेघ
जागा वाढवण्याचा मुद्दा पटला. तो घोटण्यातही येत नाही, कारण घोटताना आपण एकटं अक्षर लिहितो. माझ्या ‘महिनाभर स’मध्ये दुरुस्ती: ‘स’ कधीच एकटा नको. सर, सण, सय, सल असा शेजाऱ्यासकट लिहा. शेजारी बदलला की ‘स’चा काना किती लांब ठेवायचा तेही बदलतं.

पैलतीर
परदेशात मुलांना मराठी शिकवणाऱ्यांच्या वतीने. इथे अर्थाचा प्रश्न फार लवकर सुटतो. मुलांना पाठ्यपुस्तकापेक्षा हाताने लिहिलेलं मोठं अक्षर आधी कळतं, कारण रेघ कुठून सुरू झाली ते दिसतं. टंकात ते पुसलं गेलेलं असतं. काना_मात्रा, पन्नास टंकांपुढे हाताच्या अक्षराचं वेगळेपण मला इथे दिसतं: हाताचं अक्षर कसं लिहायचं ते स्वतःच सांगतं.

एक अडचण मात्र आहे. मुलं फोनवर हिंदी वळणाचे ल आणि श पाहतात. मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श त्यांना वेगळी अक्षरं वाटतात. महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये वर्णमाला प्रमाणित केली तेव्हा हेच दोन आकार धरले. सुलेखन करणाऱ्यांनी मोठे, सुबक ल आणि श काढून तक्ते मोकळे करून दिले तर शेकडो मुलांच्या भिंतीवर लागतील. तक्ता काढताना प्रत्येक फटकाऱ्याच्या सुरुवातीला छोटा ठिपका द्या, बाण नको. बाणांनी अक्षर झाकतं.

थंड, कोरड्या हवेत शाई बोरूवरच वाळते. 30 मिली शाईत ग्लिसरीनचे दोनच थेंब. चार झाले की दिवसभर वाळत नाही आणि बाही काळी होते.

घोटीव
पैलतीर यांचा मुद्दा मला आतून पटला. हत्यारावर एवढं बोललो त्याचं कारणही तेच आहे. टोक स्वच्छ असेल तर रेघेचा प्रवास दिसतो, बोथट असेल तर फक्त काळा आकार उरतो.

एक तपासणी राहिली. काम झालं की लगेच कोणाला दाखवू नका, फोटोही टाकू नका. भिंतीला लावा, तीन मीटर मागे जा, मग कागद उलटा करा. उलट्या कागदावर शब्द वाचता येत नाही, म्हणून काळ्या-पांढऱ्याचा तोल दिसतो. जिथे डोळा अडकतो तिथे खूण करा. तीन आठवड्यांनी सुलटा करून पुन्हा वाचा. तेव्हाही खुणा पटल्या तर नव्या कागदावर, जुन्यावर डागडुजी नको.

काना_मात्रा
सगळं दोनदा वाचलं. मूळ प्रश्नाकडे येते.

‘मजकूर आटतो’ हे माझं म्हणणं आता अपुरं वाटतं. मजकूर होताच, आपण तो सुविचारांत शोधत होतो. तो एका फटकाऱ्यात आहे, आखूड चरणात आहे, ‘ल’च्या पाकळीत आहे. आणि अर्थाबद्दल पाटीवाला आणि पैलतीर दोघे एकच सांगताहेत: अक्षर कोणाच्या डोळ्यांसाठी आहे ते आधी ठरवा.

म्हणून इथे सामूहिक काम सुचवते. चंद्रकोरीच्या र चे बारा शब्द, बारा तक्ते. ए3 कागद, 8 मिलिमीटरचा बोरू, अंग 40 मिलिमीटर, फटकाऱ्याच्या सुरुवातीला पैलतीर यांनी सांगितलेला ठिपका. प्रत्येकाने एक शब्द, वीस चौकोनांनंतरच मोठा कागद, तीन आठवडे उलटा टांगून मग इथे. तक्ते ज्याला हवे त्याने छापून घ्यावेत.

आतापर्यंतचे शब्द: दऱ्या (जोडीला दर्या), वाऱ्यावर, किनाऱ्याशी, ताऱ्यांत, पायऱ्या, दोऱ्या, डावखुऱ्या, आचाऱ्यांना. चार हवेत.

मोडी_वाचक
वऱ्हाड. माझ्याकडे घेतला.

सरळ_रेघ
कुऱ्हाड आणि गिऱ्हाईक. ‘ऱ्ह’ची जोडी घोटण्यासारखी आहे, ‘ह’च्या शेपटीमुळे कोर वर सरकवावी लागते. कुऱ्हाड मी करतो, गिऱ्हाईक पाटीवाल्यांनीच करावं.

पाटीवाला
आनंदाने. मोठं करतो.

अर्धचंद्र
बारावा ‘ऱ्हास’ घ्या. बाकी सगळ्यांत कोरीच्या आधी एक अक्षर आहे, तिला टेकायला आधार आहे. इथे शब्दच कोरीने सुरू होतो, डावीकडे काहीच नाही. शिरोरेषा कोरीच्या आधी सुरू करायची की तिच्या टोकापासून? आधी केली तर डावीकडे रिकामा दांडा दिसतो, टोकापासून केली तर कोर लोंबकळते.

काना_मात्रा
तो मी घेते. पहिल्या दहा चौकोनांत शिरोरेषा अर्ध्या रुंदीने आधी, पुढच्या दहांत बरोबर टोकापासून. वीसही इथे टाकते, मग ठरवू.